शेवटची सोळा पानं

धाकटीची लेक बाळंत झाली आणि धाकटी सेहेचाळिसाव्या वर्षी आजी झाली, त्याच वर्षी थोरलीचं वाचन बंद पडलं. लेकीला मुलगी झाल्याचा निरोप सकाळी आला आणि दुपारी कारखान्यात थोरली पुस्तक वाचता वाचता खोकायला लागली, ती थांबेचना. धाकटीनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं, पानाचा कोपरा दुमडला आणि तिला धरून घरी आणलं. त्यानंतर थोरलीनं कारखान्याचं दार पाहिलं नाही.

दोघी सख्ख्या जावा. थोरली एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरी मूल नव्हतं. धाकटीचा नवरा मालट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर आणि उरलेले दहा झोपेत. म्हणजे घर असं या दोघींचं आणि सासूचं. सासूला जाऊनही दहा वर्षं झाली होती.

कारखाना चामड्याच्या हातमोज्यांचा. मोजा आधी उलटा शिवतात आणि मग लाकडी दांडी आत घालून त्याचं एकेक बोट सुलट करतात. पत्र्याखालच्या लांबोळ्या खोलीत तेरा बायका हेच काम करायच्या. "दिवसभर दुसऱ्यांची बोटं सरळ करायची आणि संध्याकाळी आपली वाकडी घेऊन घरी जायचं," असं भोंगा म्हणायची. भोंगा म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिचं खरं नाव मालकालासुद्धा हजेरीचा कागद बघून आठवायचं. खोलीच्या टोकाला अर्ध्या भिंतीपलीकडे चामडं घासायचं यंत्र चाले. त्याची तपकिरी भुकटी भिंत ओलांडून सगळीकडे बसायची, पापण्यांवरसुद्धा. म्हणून बायका नाकातोंडावर फडकं बांधून काम करायच्या.

फडकं नसायचं ते फक्त थोरलीच्या तोंडावर, कारण ती वाचायची.

ही तिथली जुनी रीत. खोलीच्या मधोमध एक उंच स्टूल होतं. त्यावर बसून एकीनं मोठ्यानं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटच्या जोड्या बाकीच्या बाराजणींनी वाटून घ्यायच्या, प्रत्येकीनं पाच जास्त. मालकाला जोड्या पुऱ्या मिळाल्याशी कारण. थोरली चौथीपर्यंत शिकली होती. एवढं शिकलेली तिथं दुसरी कुणी नव्हती. आधीची वाचणारी काम सोडून गेली तेव्हा स्टूल तिच्याकडं आलं आणि एकवीस वर्षं तिच्याकडंच राहिलं.

पुस्तकं सगळी एका जातीची. एक लहानसं गाव असायचं. गावात एक रस्ता, एक पूल, एक बेकरी. कुणीतरी मुलगी शहरात हात पोळून घेऊन एक पिशवी घेऊन परत यायची. गावात एक अबोल माणूस असायचा, सुतार किंवा गुरांचा डॉक्टर, बायको वारलेला. त्या दोघांना कळायच्या आधी अख्ख्या गावाला कळायचं, आणि गाव मिळून त्या दोघांना एकमेकांकडं ढकलायचं. बेकरीवाली मुद्दाम एकच पाव शिल्लक ठेवायची. पोस्टमन मुद्दाम त्याचं पत्र तिच्या दारात टाकायचा.

"दर वेळी तेच गाव कसं गं?" भोंगा विचारायची. "पूल तोच, बेकरी तीच. नायिकेचं नाव बदललं की झालं नवं पुस्तक?"

"तुला नको तर कानात बोळे घाल," तपासणीवाली म्हणायची. ही तयार मोजे तपासायची आणि सगळ्यांत वयानं मोठी होती.

"नको कुठं म्हणतेय? त्या गावात खोली भाड्यानं मिळते का, तेवढं बघून सांगा म्हणते."

सगळ्या हसायच्या. एकदा तपासणीवालीच म्हणाली, "पण खरंच, आपलं गाव तरी कुठं मोठं आहे? इथंही एकीला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला कळतं. मग इथं का होत नाही असं?"

थोरलीनं पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. "कळतं दोन्हीकडं," ती म्हणाली. "तिथं कळलं की लोक जेवणाचा डबा घेऊन येतात. इथं कळलं की दगड घेऊन येतात. तेवढाच फरक."

धाकटीच्या हातातली दांडी मोज्याच्या अंगठ्यात तशीच राहिली.

कारण असं की बावीस वर्षांपूर्वी या गावातही एक अबोल माणूस होता. कारखान्यात चामडं कापायचा, सगळे त्याला कटर मास्तर म्हणत. थोरलीला विधवा होऊन सहा महिने झाले होते. दोघं कधी बोलताना कुणी पाहिली नव्हती. पण एक दिवस धाकटीनं फडताळात आपलं काहीतरी शोधताना थोरलीच्या कपड्यांच्या घडीखाली मोज्यांची एक जोडी पाहिली. मऊ चामड्याची, आतून अस्तर. कारखान्यात तीनच मापं निघायची आणि ही जोडी त्यांतल्या कुठल्याच मापाची नव्हती. थोरलीच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून आखूड झालेली. त्या मोज्याची करंगळीही तेवढीच आखूड होती.

मोज्यांच्या कारखान्यातल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माप न घेता असा मोजा कापायचा तर माणसानं तो हात किती दिवस बघितला असेल!

धाकटीला तेव्हा सातवा महिना होता. पाय सुजलेले, नवरा बाहेर. आपल्या हाताकडं एवढं बघणारं कुणी नाही, हे तिच्या मनात आलं की काय, देव जाणे. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना ती सासूला सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "जाऊबाईंना कुणीतरी मापाचे मोजे शिवून दिलेत हो."

एवढंच. काडी पडायला एवढंच पुरतं.

दुसऱ्या दिवशी सासूनं ती जोडी नेऊन मालकाच्या टेबलावर ठेवली. चामडं कारखान्याचं, म्हणजे चोरी. कापणारा तो एकटाच, म्हणून मास्तराला दुपारच्या आत काढलं. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते आणि एकानं खरोखरच दगड मारला. तो गेला कुठं, कुणाला कळलं नाही. सासूनं कुणाचं नाव घेतलं नाही, थोरलीनं विचारलं नाही. ती आठ दिवस गप्प होती, नवव्या दिवशी कामावर गेली. पुढच्या वर्षी तिला स्टूल मिळालं आणि तिनं पहिलं पुस्तक आणलं.

पुस्तकं यायची चष्मेवाल्याच्या दुकानातून. एका बाजूला चष्म्याच्या काड्या बसवून द्यायचा, दुसऱ्या बाजूला पुस्तकं वाचायला द्यायचा. लोक पुस्तक नेत आणि परत आणायला विसरत. म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. प्रत्येक पुस्तकाची शेवटची सोळा पानं तो उसवून काढून ठेवायचा. पुस्तक परत आणून द्या, मग पानं घ्या आणि दुकानातच उभ्या उभ्या वाचून चालू लागा. शेवट हवा म्हणून माणूस पुस्तक आणतोच, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकला नव्हता.

त्यामुळं कारखान्यात शेवट कधीच वाचला जायचा नाही. थोरली संध्याकाळी दुकानात जाऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून तोंडी सांगायची. त्या दिवशी बायका फडकी कानामागं सारून ऐकत.

या पुस्तकांत एक बाई हटकून असायची. कधी मैत्रीण, कधी चुलत बहीण. ती त्या दोघांत बिब्बा घालायची. कारखान्यात तिला काडीवाली म्हणत. "आली बाई काडीवाली," भोंगा म्हणायची, "आता दोनशे पानं रडारड." आणि थोरलीनं सांगितलेल्या प्रत्येक शेवटात, लग्न ठरल्यावर, ही काडीवाली नायिकेच्या दारात येऊन उभी राहायची. म्हणायची, "मीच सांगितलं होतं." नायिका हातातलं काम खाली ठेवायची आणि म्हणायची, "ठाऊक होतं मला. आत ये."

"अशी कोण असते का जगात?" भोंगा नाक ओढत म्हणायची. "मी असते तर झिंज्या उपटल्या असत्या."

"म्हणून तुझ्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही," तपासणीवाली म्हणायची.

धाकटी त्या वेळी मान खाली घालून बोटं सुलट करत असायची. एकवीस वर्षांत असे दीडदोनशे शेवट तिनं ऐकले. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आज घरी जाऊन बोलून टाकू. घरी गेलं की पाणी भरायचं असायचं, लेकीचं दप्तर असायचं, मग लेकीचं लग्न. तोंडाशी आलेलं परत गिळायची तिला सवय झाली.

तीन वर्षांपूर्वी थोरलीला पहिल्यांदा धाप लागली, तेव्हा तिनं धाकटीला अक्षरं शिकवायला घेतली. "मी बसले नाही तर स्टूल रिकामं राहील," म्हणाली. त्रेचाळीस वर्षांची धाकटी त्याच पुस्तकांवर बोट ठेवून वाचायला शिकली. पहिलं सबंध वाक्य तिनं वाचलं ते, 'गावात यायचा रस्ता एकच होता आणि जायचाही तोच.' ते वाचून झाल्यावर तिला घाम फुटला होता.

"बघ," थोरली म्हणाली, "मेली नाहीस ना?"

तर आता थोरली आतल्या खोलीत खिडकीजवळ पडून होती. डॉक्टर म्हणाला होता, फुप्फुसात भुकटी बसलीय, चामड्याचे थरच म्हणा ना. "एवढी कशी गेली आत? बाकीच्या बायकांना नाही एवढी." धाकटीनं सांगितलं, या वाचायच्या. डॉक्टरला ते कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, तोंड उघडं ठेवून वाचायच्या, वीस वर्षं. मग तो कागदावर काहीतरी लिहीत राहिला आणि म्हणाला, फार दिवस नाहीत.

अर्धं राहिलेलं पुस्तक धाकटी स्टुलावर बसून पुढं वाचू लागली. तिचं वाचणं बैलगाडीचं.

"अगं, तुझी नायिका पूल ओलांडेपर्यंत आमचे सगळ्यांचे केस पिकतील," भोंगा ओरडायची.

"तुझे पिकलेलेच आहेत. गप बस," तपासणीवाली म्हणायची.

संध्याकाळी घरी आली की थोरली विचारायची, "कुठवर आलं?" धाकटी सांगायची. सुतार चांगला आहे. चुलत बहिणीनं त्याच्या जुन्या तुरुंगवासाची गोष्ट बेकरीत सांगितली. सुतार गाव सोडून निघाला. थोरली डोळे मिटून ऐकायची. बोलायला तिला एकेका शब्दाला थांबावं लागे.

"शेवट... ऐकायचाय मला," एक दिवस म्हणाली. "लवकर... उरक."

धाकटीनं मनाशी ठरवलं. या पुस्तकाचा शेवट सांगायचा आणि त्यातच आपलंही सांगून टाकायचं. काडीवाली दारात येऊन काय म्हणते, कशी म्हणते, ते पुस्तकात लिहिलेलं असेलच. तेच आपण वाचून पाठ करायचं आणि म्हणायचं. आपल्याला शब्द शोधावे लागणार नाहीत. बावीस वर्षं शब्दच तर सापडले नव्हते.

रविवारी सकाळी तिनं उरलेली पानं एकटीनंच संपवली आणि पुस्तक घेऊन चष्मेवाल्याकडं गेली. त्यानं खणातून दोऱ्यानं बांधलेली सोळा पानं काढून दिली. ती दाराजवळच्या उजेडात उभी राहिली आणि बोट ठेवून वाचू लागली. सुतार पुलावरून परत फिरला. बेकरीवालीनं दुकान बंद करून सगळ्यांना बोलावलं. लग्न झालं. दोघं दिवा लावून खिडकीत बसली. संपलं.

तिनं पानं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. आकडे ओळीनं होते.

"यातलं एक पान गळलंय," ती म्हणाली.

"सोळा आहेत," चष्मेवाला एका काडीचा स्क्रू फिरवत म्हणाला. "मीच मोजून बांधतो."

"ती चुलत बहीण कुठाय मग? ती दारात येते ना शेवटी?"

"कुठली बहीण?"

"काडी लावणारी."

तो हसला. "अहो, त्यांचं काय काम शेवटाला? लग्नात तसली माणसं कोण बोलावतं? काम झालं की लेखक त्यांना सोडून देतो. कुठल्याच पुस्तकात येत नाहीत त्या."

धाकटीनं त्याच्याकडं जुनी पानं मागितली. आठवतील ती पुस्तकं सांगितली, गुरांच्या डॉक्टरचं, दीपगृहाचं, दोन बहिणींचं. त्यानं कुरकुर करत खण उघडला. ती वाचत राहिली, एक झालं, दोन झाली, चार झाली. उजेड दारातून पायरीवर गेला तशी तीही पायरीवर जाऊन बसली. पाचही पुस्तकांत लग्न होतं, दिवा होता, खिडकी होती. दारात कुणी आलं नव्हतं. 'ठाऊक होतं मला, आत ये' असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आमच्या जाऊबाई इथं येऊन वाचायच्या," ती म्हणाली. "त्यांना कुठली पानं द्यायचात?"

"हीच की. पण त्या वाचायच्या कुठं? शेवटचं पान उघडून बघायच्या, लग्न झालं की नाही तेवढं, आणि पानं परत द्यायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, मधलं बघा तरी. तर म्हणाल्या, मधलं माझ्याकडं आहे."

धाकटीनं पानं परत दिली आणि पायरीवरून उठली. म्हणजे एकवीस वर्षं ही बाई स्टुलावर बसून, बारा बायकांच्या देखत, तोंडात भुकटी घेत आपल्या एकटीलाच सांगत होती. ये म्हणत होती. आणि आपण बोटं सुलट करत बसलो.

घरापर्यंतचा रस्ता ती कशी आली ते तिचं तिला माहीत. उन्हं कलली होती. थोरली उशांना टेकून बसली होती, खिडकीकडं तोंड करून. ओठ निळसर दिसत होते.

"झालं... लग्न?" तिनं विचारलं.

"झालं."

"बरं... झालं." मग थोड्या वेळानं, "आणि... ती?"

धाकटी उंबऱ्यावरच उभी होती. आत पाऊल टाकायला जमेना. पुस्तकात शब्द नव्हते. आता जे काय म्हणायचं ते आपलं आपणच.

"ती आली," धाकटी म्हणाली. "दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मोजे मी पाहिले होते. सासूबाईंना मीच सांगितलं."

थोरलीनं मान वळवली. पुस्तकात मोजेही नव्हते आणि सासूबाईही नव्हत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, सुकलेलं चामडं ओढल्यासारखा.

"मग?" थोरली म्हणाली.

"मग पुढचं... पुढचं तुम्हीच सांगा, जाऊबाई. पुढचं नेहमी तुम्हीच सांगता."

थोरलीनं तोंड उघडलं. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तिनं आखूड करंगळीचा हात पांघरुणावरून थोडा उचलला आणि ठेवून दिला. तो हात बोलावत होता की नको म्हणत होता, ते धाकटीला उंबऱ्यावरून कळलं नाही.

"आज... दम नाही," थोरली म्हणाली. "उद्या... सांगते."

धाकटी तिथंच उंबऱ्यावर बसली. दिवेलागणीला तिनं थोरलीला दोन चमचे पाणी दिलं, पाय दाबले, पांघरूण नीट केलं आणि खाली सतरंजी टाकून आडवी झाली. थोरली पुन्हा बोलली नाही. पहाटे धाकटीला जाग आली ती कशानं, हे तिला आधी कळेना. मग कळलं की तो ओढल्यासारखा आवाज थांबलाय.

तिला आयुष्यभर एक प्रश्न पुरला. थोरलीला खरंच दम नव्हता, की दम होता आणि सांगायचं नव्हतं? एकवीस वर्षं जे वाक्य दीडदोनशे वेळा म्हटलं, ते एकदा म्हणायला केवढासा श्वास लागतो!

अकरा दिवसांनी ती कामावर गेली. स्टूल मधोमध होतं, भुकटीचा थर बसलेलं. तिनं ते फडक्यानं पुसलं, मग तोंडावरचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं आणि चढून बसली. बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या.

"शेवट राहिलाय सांगायचा," तपासणीवाली हळूच म्हणाली. "सांगतेस का? नाहीतर राहू दे आज."

धाकटीनं सांगितलं. सुतार पुलावरून परत आला. बेकरीवालीनं सगळ्यांना बोलावलं. लग्न झालं. दोघं दिवा लावून खिडकीत बसली.

"आणि काडीवाली?" भोंगानं विचारलं. आज तिचा आवाज खालचा होता. "ती येते ना दारात?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तिचं काही लिहिलेलं नाही."

"असं कसं? नेहमी येते की."

"या पुस्तकात नाही."

पलीकडं घासायचं यंत्र सुरू झालं. धाकटीनं नवं पुस्तक उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं.

थोरली गेली ती सोमवारी, पहाटे पाचच्या सुमारास, एकावन्नाव्या वर्षी. धाकटीची नात त्या दिवशी एकोणपन्नास दिवसांची झाली होती.